सतरंजी आणि सही

ताई, सप्रेम जय भीम.

मी सातपूरला राहते. वय २१, बी.ए.चं शेवटचं वर्ष, सोबत एमपीएससीची तयारी. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला मारहाण झाली आणि ठाण्यात फिर्याद घेईनात. तेव्हा नागरी हक्कांचं काम करणाऱ्या एका समितीचे काका लोक रात्री अकराला आले आणि फिर्याद नोंदवून, तिची प्रत हातात घेऊनच उठले. ते बघून आम्ही सात-आठ पोरं-पोरी समितीत जायला लागलो.

आता मात्र वैताग आलाय. कार्यकारिणीत पन्नाशीच्या आतलं कुणी नाही. आम्ही खुर्च्या लावायच्या, सतरंज्या उचलायच्या, बॅनर बांधायचे. मुलींनी वर चहाही करायचा. बोलायला उठलं की ‘बेटा, आधी चळवळ समजून घे.’ मागच्या महिन्यात एका तालुक्यात ॲट्रॉसिटीचं प्रकरण झालं. आम्ही त्या बाईंच्या घरून लाईव्ह केलं, चाळीस हजार लोकांनी पाहिलं. सरचिटणीस काकांनी सगळ्यांसमोर ओरडून ते काढायला लावलं. मित्र म्हणतात, वेगळी संघटना काढू. नाव, लोगो सगळं ठरलंय.

घरी वेगळंच. पप्पा कंपनीत आहेत. तरुणपणी त्यांनी युनियन केली आणि त्यात पहिली नोकरी गेली. ते म्हणतात, ‘एक केस पडली की तुझी एमपीएससी संपली.’ म्हणून धरण्याला जाताना मी क्लासला चालले असं सांगते.

समितीत थांबू की बाहेर पडू?

— एक कार्यकर्ती, सातपूर

*

जय भीम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुझ्या बाजूने आणि एकदा त्या सरचिटणीसांच्या. दुसऱ्या वाचनाचा तुला राग येईल, पण ते पुढे.

आधी मला सांग, तुझ्याकडे समितीच्या वर्गणीची पावती आहे का? नसणार, आणि तुझ्या मित्रमैत्रिणींकडेही नसणार, असा माझा अंदाज आहे. मी पस्तीस वर्षं नाशिकच्या कोर्टात वकिली केली, त्यात संस्थांच्या भांडणांचे कागदही पुष्कळ चाळले. पोरं ‘आम्ही संस्थेत आहोत’ म्हणतात तेव्हा ती बहुधा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतात, सभासदांच्या रजिस्टरात नसतात. आपल्याकडची अशी समिती साधारणपणे दोन कायद्यांखाली नोंदलेली असते, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा. १८६० च्या कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे सभासद कोण, तर नियमाने दाखल करून घेतलेला आणि वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला माणूस. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर त्याला मतही नाही. म्हणजे दोन वर्षं सतरंज्या उचलूनही कायद्याच्या हिशेबात तू त्या समितीची पाहुणी आहेस. (खुर्चीवरच्या काकांपैकी निम्म्यांची वर्गणी थकलेली निघाली तर मला मुळीच नवल वाटणार नाही.)

तेव्हा पहिलं काम, समितीची घटना मागून घे. देशाची तुला पाठ असेल, मी समितीच्या घटनेबद्दल बोलतेय. दिली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते. तिच्यात सभासद कसं व्हायचं, वार्षिक सभा कधी घ्यायची, कार्यकारिणीची मुदत किती, हे सगळं लिहिलेलं असतं. ही मुदत पुष्कळ ठिकाणी कधीच उलटून गेलेली असते आणि कुणाच्या गावीही नसतं. विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तरी मेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं विश्वस्त म्हणून लागलेली मी पाहिली आहेत. तुम्ही सगळ्यांनी सभासदत्वाचे फॉर्म भरा, वर्गणी द्या, पावती घ्या. आठ पावत्या म्हणजे सर्वसाधारण सभेत आठ हात. पंचवीस-तीस माणसांच्या सभेत आठ हात काय करू शकतात, हे काकांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

पण ते हात पद मागायला वर करू नकोस. तसं केलंस की काय होईल ते आत्ताच सांगते. ते मोठ्या मनाने ‘युवा आघाडी’ काढतील, तुला तिची अध्यक्ष करतील, बॅनरवर खालच्या ओळीत फोटो लावतील. युवा आघाडी म्हणजे दुसऱ्या रंगाची सतरंजी. मला १९८६ साली अशीच ‘महिला आघाडी’ मिळाली होती. संस्थेचं नाव सांगत नाही, ती आता नाहीही. माझ्या नावाचं लेटरहेड छापलं, मी हरखून गेले. तीन महिन्यांनी मला एका पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, माझ्या निवेदनातल्या आरोपांबाबत जबाब द्यायला. ते निवेदन मी लिहिलं तर नव्हतंच, पाहिलंही नव्हतं. खाली सही होती, तीही माझी नव्हती. त्या दिवशी संस्था चालते कशी हे मला कळलं. भाषण कुणी केलं याला फार किंमत नसते. सही कुणाची, कलेक्टर कचेरीतल्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, कागद देऊन पोच कुणी घेतली, बँकेच्या चेकवर कुणाची नावं, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे, यावर सगळं ठरतं. तुला मागायचंच असेल तर काम माग, आणि ते सहीसकट माग.

‘आधी चळवळ समजून घे’ हे वाक्य नाशिकमध्ये बोलायला जरा धीर लागतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. बाबासाहेब तेव्हा ३८ वर्षांचे होते. आणि इथली सगळी घडी ज्यांच्या खांद्यावर होती ते दादासाहेब गायकवाड, आंबे गावच्या गायकवाडांचा भाऊराव, ऑक्टोबर १९०२ चा जन्म. हिशेब कर, २७ वर्षं. मंदिराचे चारही दरवाजे अडवून बसलेल्या पहिल्या तुकडीत बायका होत्या. पुढे दगड पडले, अटका झाल्या, आणि तरी दरवर्षी रामनवमी आली की नव्याने सुरुवात, असं जवळजवळ पाच वर्षं चाललं. या काळात बाबासाहेब मुंबईत, मग गोलमेज परिषदेसाठी लंडनला. नाशिकमध्ये तुकड्या कुणाच्या पाठवायच्या, आत गेलेल्यांच्या घरी काय पोचवायचं, हे बघायला हाच तरुण माणूस. दोघांमधला पत्रव्यवहार छापील स्वरूपात उपलब्ध आहे, सार्वजनिक वाचनालयात चौकशी कर.

त्यातलं ३ मार्च १९३४ चं पत्र तू वाचच. सत्याग्रह आता थांबवावा, असं बाबासाहेब त्यात कळवतात. नुसता हुकूम धाडला असता तरी गायकवाडांनी मानला असता. पण त्यांनी कारण लिहिलं. मूर्तीची पूजा मिळावी म्हणून आपण हे केलं नव्हतं, आपल्या माणसांत जाग यावी, जोर यावा म्हणून केलं होतं आणि ते काम झालं, आता ताकद राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवायची, असा त्या पत्राचा आशय आहे. एकतीस वर्षांच्या कार्यकर्त्याला लिहून, समजावून. तुला समितीत हेच कुणी दिलं नाही, आणि तुझा खरा राग सतरंजीपेक्षा याचाच असावा. ‘लाईव्ह काढ’ असं सांगितलं, ‘का काढ’ ते सांगितलं नाही.

ते आता मी सांगते, कारण त्या बाबतीत मी काकांच्या बाजूची आहे. त्यांनी चारचौघांत ओरडायला नको होतं, हे मान्य करूनही त्यांच्याच बाजूची आहे.

तुझ्या चाळीस हजारांत आरोपीचे चुलतभाऊ नव्हते, असं तू छातीठोक सांगू शकतेस? बाई बोलत असताना मागे दारात कोण उभं होतं? शेजारीण असेल तर ती उद्याची साक्षीदार. गावात पिठाची गिरणी एक, किराणा दुकान एक, आणि जिथे द्राक्षाच्या छाटणीला जायचं त्या बागेचा मालक आरोपीचा पाहुणा. तुम्ही रात्री नाशिकला परत आलात. ती शेजारीण सकाळी त्याच गिरणीवर गेली. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-क आलं. साक्षीदारांची नावं-पत्ते आदेशांतून झाकून ठेवायची मुभा त्यात विशेष न्यायालयाला दिली आहे. कायदा नाव झाकायला बघतोय आणि तुम्ही चेहरा दाखवलात.

दुसरं, बाई त्या क्षणी रडत-रागात जे बोलल्या आणि फिर्यादीत जे उतरलं, त्यात फरक असणारच. एकीकडे काठी, दुसरीकडे लोखंडी पाइप. एकीकडे चौघे, दुसरीकडे पाच. माणूस खोटं बोलतो म्हणून असं होत नाही, मार खाल्लेलं माणूस मोजत बसत नाही म्हणून होतं. पण उलटतपासणीत आरोपीचा वकील तो व्हिडिओ काढतो आणि शांतपणे विचारतो, ‘बाई, तेव्हा खरं बोललात की आता?’ मी हे समोर बसून पाहिलंय. आणि लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असतं तर बाईंची ओळख उघड करणं हाच गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. सुटला असतात का?

काकांना हे पुस्तकातून कळलेलं नाही, कुठली तरी केस कोर्टात पडली, हरली, तेव्हा कळलेलं आहे. त्या पिढीतल्या पुरुषांना पडलेल्या केसबद्दल बोलता येत नाही, ते नुसते ओरडतात. एखाद्या संध्याकाळी गर्दी नसताना त्यांना विचार, ‘काका, तुमची कुठली केस पडली?’ शेवटची बस चुकेल, पण ऐक.

आता मला तुझ्या पत्रात जे सापडलं नाही ते. लाईव्ह केल्याचं लिहिलंस, किती जणांनी पाहिलं ते लिहिलंस. ते प्रकरण आज कुठे आहे, हे लिहिलं नाहीस. गुन्हा कुठल्या तारखेला दाखल झाला? कुठली कलमं लागली? तपास कुणाकडे आहे? उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तो करायचा नसतो. दाखल झाल्यापासून ६० दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात जायला हवं, आणि कॅलेंडरवर तो साठावा दिवस कुणी लाल पेनाने खुणावलाय का? तुम्हा आठ जणांत हे कुणालाच ठाऊक नसेल, तर काकांच्या ‘समजून घे’त थोडं तथ्य आहे, असं मला म्हणावं लागेल.

तुझं सहीचं काम हेच आहे. पुढच्या बैठकीत ठराव मांड, ‘या प्रकरणाचा पाठपुरावा अमुक सभासद करतील आणि त्यासंबंधीच्या पत्रव्यवहारावर त्यांची सही राहील.’ सूचक तू, अनुमोदक म्हणून काकांपैकीच एक गाठ. प्रत्येक कार्यकारिणीत एखादा असा असतोच, जो फारसा बोलत नाही आणि निवेदनातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो. तो तुझा माणूस. ठराव इतिवृत्तात आला की पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त मोठ्याने वाचून कायम करून घे. मग फाईल मागायची. ती देताना कुरकूर होईल, देतील.

फाईल हातात आली की गावी जा, मोबाईल खिशात ठेवून. बाईंना विचार, नुकसानभरपाईचा पहिला हप्ता आला का. ॲट्रॉसिटीत मदत टप्प्यांनी मिळते. गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत रक्कम नियमांत ठरलेली आहे, आणि तिचा काही भाग गुन्हा नोंदवल्यावर, काही दोषारोपपत्र गेल्यावर, काही निकालानंतर. हे काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे असतं, नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. जातीचा दाखला नाही, बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही, नावात एका ठिकाणी ‘बाई’ आहे आणि एका ठिकाणी नाही, असल्या कारणांनी हे पैसे अडून बसतात. काकांना तिथे खेटे घालायला गुडघे साथ देत नाहीत. तुम्हाला देतात. साक्षीदारांना तारखेला यायचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळतो, तो मागावा लागतो आणि बहुतेकांना माहीत नसतो. फितूर झालेले सगळे साक्षीदार पैसे खाऊन फितूर होतात असं नाही. काही जण पाचव्या तारखेला मजुरी बुडवून आले, पुढची तारीख घेऊन गेले, आणि सहाव्या वेळी कंटाळले, एवढंच. त्यांच्या शेजारी कोर्टाच्या बाकावर कुणीतरी डबा घेऊन बसलेलं असणं याची किंमत तुला पहिल्या वर्षी कळणार नाही.

‘तुम्ही कोण?’ असं कुठल्या साहेबाने विचारलं तर त्याच १५-क कलमाचं पोटकलम १२ दाखव. सामाजिक संस्था, कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेणं हा पीडितांचा हक्क आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेव. मी अजून ठेवते.

आणखी एक काम आहे, ते तुमच्या वयाला चांगलं जमतं कारण त्याला चिकाटी आणि थोडा खवचटपणा लागतो. जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली ॲट्रॉसिटीसाठी दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायची असते, आणि तिच्यावर स्वयंसेवी संस्थांशी संबंधित अशासकीय सदस्यही घ्यायचे असतात. तिच्या मागच्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात माग. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तुझी एमपीएससीची निबंधाची हौस इथे भागवू नकोस. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग दुसरं. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आपल्या नाशिकलाच आहे, मुंबई गाठावी लागत नाही. ती इतिवृत्तं हातात घेऊन ज्या दिवशी तू कार्यकारिणीत बसशील, त्या दिवशी ‘बेटा’ म्हणतीलच, पण पुढे ‘जरा वाचून दाखव’ असं म्हणतील.

आता वेगळ्या संघटनेचं. लोगो ठरलाय हे वाचून हसू आलं, रागावू नकोस. सात माणसं जमली की नोंदणी होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब, लेखापरीक्षण, सभा, बदल अर्ज हे तुम्हालाच करायचंय, आणि ते न केल्याबद्दलच तुम्ही आज काकांवर चिडलेले असायला हवे होतात. वेगळं निघणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईत १९७२ साली विशी-पंचविशीतल्या पोरांनी जुन्या पुढाऱ्यांना वैतागूनच दलित पँथर काढली, आणि महाराष्ट्राला कानठळ्या बसल्या. दोनच वर्षांत ती फुटली, हेही त्याच गोष्टीत आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीत एला बेकर नावाच्या बाई होत्या. १९६० साली तिथे हॉटेलांत बसून सत्याग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद त्यांनी भरवली. मोठ्या नेत्यांना ती पोरं आपल्या संघटनेची युवा शाखा म्हणून हवी होती. छप्पन वर्षांच्या या बाईंनी पोरांच्या स्वतंत्र संघटनेची बाजू घेतली. त्या स्वतः त्याच नेत्यांच्या कार्यालयात कामाला होत्या, हे विशेष. अशी एखादी एला बेकर तुमच्या समितीत आहे का ते बघ, वेगळं निघायचं झालं तरी ती लागेल.

माझं मत विचारशील तर आत्ता निघू नकोस. एक प्रकरण फिर्यादीपासून निकालापर्यंत नेऊन बघा. आठातले किती उरतात ते कळेल. तीन उरले तरी पुष्कळ. मात्र दोन गोष्टी दिसल्या तर माझ्या पत्राचीही वाट बघू नकोस. एक म्हणजे, लेखी अर्ज करूनही तुम्हाला सभासद करून घ्यायला टाळाटाळ. आणि दुसरी, प्रकरण ‘मिटवून घेण्याची’ भाषा. कुणी त्या बाईंना ‘बसून घ्या, तुमचंही भलं होईल’ असं म्हणताना दिसला आणि त्यात पैशाचा वास आला, तर तो कितीही मोठा काका असो, चप्पल घाल आणि नीघ. निघताना राजीनामा लेखी दे, कारणासह, आणि पोच घे.

पप्पांचं अवघड आहे. त्यांना भित्रा समजू नकोस, या सगळ्या गोष्टीत नोकरी गमावून बसलेला माणूस तोच एक आहे. त्यांना भीतीचा अंदाज नाही, अनुभव आहे. आणि क्लासचं खोटं तू आजच बंद कर. नीतिमत्तेचा उपदेश करत नाही, व्यवहार सांगते. उद्या धरण्यावरून गाडीत घालून नेलं तर पहिला फोन कुणाला करशील? तो फोन आला तेव्हा त्यांना तू क्लासमध्ये आहेस असं वाटत असेल, तर त्यानंतर ते तुझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. एमपीएससीच्या अभ्यासावरसुद्धा.

केस पडण्याबद्दल खरं काय आहे ते त्यांना नीट सांग. शहरात पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ कलमाखालचा मनाई आदेश अधूनमधून लागू असतोच, आणि परवानगीशिवाय जमलं तर १३५ खाली गुन्हा नोंदवतात. म्हणून परवानगीचा अर्ज आधी द्यायचा आणि पोच जवळ ठेवायची. अटक केलीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि तिने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. नोकरीच्या वेळी साक्षांकन नमुन्यात अटक, गुन्हा, खटला याबद्दल विचारतात. पोरं तिथे घाबरून ‘नाही’ लिहितात, आणि नोकरी जाते ती बहुतेक वेळा त्या ‘नाही’मुळे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली याचे नियम घालून दिले. माहिती खरी द्यायला हवी, हे पहिलं. आणि लहान वयात घोषणा दिल्याबद्दल झालेल्या गुन्ह्यासारखं किरकोळ प्रकरण असेल, तर ते लपवलं असलं तरी नेमणूक करणारा ते माफ करू शकतो, असंही त्यात म्हटलंय. करू ‘शकतो’, लक्षात घे. त्याच्या मर्जीवर राहण्यापेक्षा खरं लिहावं. म्हणजे धोका शून्य आहे असं मी पप्पांना सांगणार नाही, तूही सांगू नकोस. पूर्वपरीक्षेच्या आधीचे तीन-चार महिने तू रस्त्यावर उतरली नाहीस तर चळवळ बुडत नाही. फाईल घरी बसूनही चालते.

शक्य झालं तर सुट्टी बघून त्यांना एकदा त्या बाईंच्या तारखेला घेऊन ये. सीबीएसला उतरलं की कोर्ट समोरच. भाषण देऊ नकोस, नुसतं बाकावर बसव. युनियन केलेल्या माणसाला कोर्टाच्या बाकावर काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही. कदाचित घरी जाताना तुला चार गोष्टी तेच सांगतील. त्यांच्या वेळी कामगार न्यायालयात काय झालं, हे तू कधी विचारलंयस का?

चहाचं राहिलंच. मलाही सहा वर्षं करावा लागला. भांडून काही झालं नाही, ‘चळवळीत काम लहान-मोठं नसतं’ हे ऐकावं लागलं, तेही पातेल्याला कधी हात न लावलेल्यांकडून. मग मी आणि दुसरी एक बाई, आम्ही दोघींनी ठरवून साखर घालायचं विसरायला सुरुवात केली. दर बैठकीला. कुणी म्हटलं की जीभ चावायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विसरायचं. तिसऱ्या महिन्यात खजिनदार स्वतः बाही सरसावून स्टोव्हपाशी उभे होते, आणि आलं फार छान घालायचे.